उतारवयातील आरोग्यविमा : पारख आणि पथ्ये

आपला व्यापारी संकेश्वरी मिरची घेताना पोत्याच्या तळाशी हात घालून वानगी पाहतो. गुळाची ढेप फोडल्याशिवाय भाव बोलत नाही. पण तोच गृहस्थ साठी उलटल्यावर आरोग्यविम्याची पॉलिसी घेतो, तेव्हा केवळ हप्त्याचा आकडा विचारून सही करतो. कडोलीसारख्या गावी दुकानाचे भांडवल आणि घराची शिल्लक बहुधा एकाच पेटीत असते. एका मोठ्या शस्त्रक्रियेने ती पेटी रिकामी होऊ शकते. म्हणून या विषयाचा थोडा विचार सभासद बंधुभगिनींपुढे मांडावा, असे आम्हांस वाटले.

सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम सुरू केला तो १९८६ साली. पुढे पुष्कळ वर्षे पासष्टीनंतर नवी पॉलिसी मिळणे दुरापास्तच होते. १ एप्रिल २०२४ पासून विमा नियामक प्राधिकरणाने नियमांतील ही वयोमर्यादा काढून टाकली. आधीपासून असलेल्या आजारांसाठी थांबावयाचा काळही चार वर्षांवरून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आला. जानेवारी २०२५ मध्ये आणखी एक बंधन आले. साठ वर्षांवरील विमाधारकांचा हप्ता वर्षात शेकडा दहाहून अधिक वाढवावयाचा झाल्यास कंपनीने प्राधिकरणाशी आधी विचारविनिमय केला पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक व कौटुंबिक पॉलिसीवरील १८ टक्के वस्तू व सेवा करही उठला आहे. दार उघडले खरे. आत पाऊल मात्र पाहून टाकावे.

पहिले पथ्य सत्यकथनाचे. आमच्याच घरातील एका वडीलधाऱ्यांचा अर्ज एजंटाने भरला आणि मधुमेहाच्या रकान्यात ‘नाही’ असे लिहिले. हप्ता थोडा कमी बसला, म्हणून आम्हीही गप्प राहिलो. दुसऱ्याच वर्षी हृदयविकाराने त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. जुने कागद तपासले गेले, क्लेम नामंजूर झाला आणि सर्व खर्च आमच्या अंगावर पडला. दोष एजंटाचा होता, तसा आमच्या मौनाचाही होता. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती लपविल्याचे कारण कंपनीस सांगता येत नाही. पण आजारपण साठ महिने थांबेल, असा भरवसा कोणी द्यावा?

दुसरे पथ्य अटी वाचण्याचे. उतारवयाच्या पुष्कळ पॉलिसींत ‘को-पे’ ही अट असते. ती २० टक्के असेल, तर तीन लाखांच्या मंजूर बिलात साठ हजार आपणच भरावयाचे. खोलीभाड्याची मर्यादा याहून फसवी. पाच लाखांच्या पॉलिसीत दिवसाला एक टक्का, म्हणजे पाच हजारांची खोली मान्य असताना आपण दहा हजारांची घेतली, तर केवळ भाड्यातच नव्हे, डॉक्टर, शुश्रूषा व शस्त्रक्रियागृहाच्या आकारणीतही निम्मी कपात होऊ शकते. मोतीबिंदू, गुडघेबदल यांवर निराळी मर्यादा आहे काय, हेही पाहावे. स्वस्त हप्त्याचे रहस्य बहुधा या ओळींतच दडलेले असते.

तिसरे पथ्य आपल्या सीमाभागाचे. कडोलीचा रुग्ण बेळगावास जातो. निपाणीचा कोल्हापूर वा मिरजेसही जातो. म्हणून राज्यसीमेच्या दोन्ही बाजूंची कोणती रुग्णालये कॅशलेस यादीत आहेत, हे आधी विचारावे. केंद्र सरकारने २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सत्तर वर्षांवरील सर्वांसाठी, उत्पन्नाची अट न घालता, वार्षिक पाच लाखांची आयुष्मान योजना सुरू केली. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांस लागू करण्याचे ठरविले. परंतु घोषणेवर विसंबून गाडी काढू नये. आपले कार्ड त्या रुग्णालयात चालते काय, याची चौकशी धडधाकट असतानाच करावी.

ज्यांची जुनी पॉलिसी आहे, त्यांनी ती रागाने वा विसराळूपणे बंद पडू देऊ नये. कंपनी बदलावयाची झाल्यास नूतनीकरणापूर्वी किमान ४५ दिवस अर्ज करावा, म्हणजे काढलेला प्रतीक्षाकाळ वाया जात नाही. नवी पॉलिसी हाती आल्यावर ३० दिवसांत ती परत करता येते; ते दिवस वाचण्यासाठीच आहेत. तक्रार प्रथम कंपनीकडे लेखी द्यावी. महिनाभरात निकाल न लागल्यास वा तो न पटल्यास बेंगळुरूच्या विमा लोकपालांकडे विनामूल्य दाद मागता येते.

शेवटी एक सूचना. दिवाळीत वहीपूजन होते, त्या दिवशी पॉलिसीचा कागदही वहीशेजारी ठेवावा. मुलासुनांस जवळ बसवून तो एकदा मोठ्याने वाचावा आणि कोणत्या क्रमांकावर कळवावयाचे, ते वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. संकटाच्या रात्री कागद शोधण्यात वेळ गेला नाही, तरी या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही मानू.