उपयोगी विज्ञान : मागच्या गाडीचा ब्रेक



धानाचा हंगाम सुरू झाला की डबऱ्याच्या मंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. भाऊबीजेला रतनगढच्या देवीला जाणारी मंडळीही अशाच ट्रॉल्यांत बसलेली दिसतात. आपल्यापैकी बरेच जण कधी ना कधी ट्रॉलीत बसलेही असतील. म्हणून या अंकातल्या पाठासाठी आम्ही हा रोजच्या पाहण्यातला विषय घेतला आहे.

वर्गात आम्ही एक साधा प्रश्न विचारला होता : ट्रॉलीचा ब्रेक कुठे असतो? बहुतेकांनी उत्तर दिले, "ट्रॅक्टरमध्ये." घरी शेती असलेला एक मुलगा म्हणाला, "सर, आमच्या ट्रॉलीला ब्रेकच नाही. कधी गरज पडली नाही." त्याचे उत्तर खरे होते, आणि आपल्या भागातल्या कितीतरी ट्रॉल्यांना ते लागू पडते. गरज का पडते आणि ती पडेल तेव्हा काय होते, ते आता पाहू या.

आधी थोडे गणित

शेतीच्या कामाचा मध्यम ट्रॅक्टर सुमारे २ टन वजनाचा असतो. त्याच्यामागे मालासह ६ टनांची ट्रॉली जोडली असे समजू. म्हणजे एकूण ८ टन झाले. ट्रॅक्टर एकटा ताशी ३० किलोमीटर वेगाने जात असताना ब्रेक दाबला आणि त्याचा वेग दर सेकंदाला ३ मीटरने कमी होत गेला, तर तो साधारण १२ मीटरवर थांबतो. आता ट्रॉलीला ब्रेक नाही. रोखणारे बल तेवढेच आणि वस्तुमान चौपट, म्हणून थांबण्याचे अंतरही चौपट, म्हणजे सुमारे ४६ मीटर. चालकाने धोका ओळखून पाय ब्रेकवर नेईपर्यंत एक सेकंद गेला, तर आणखी ८ मीटर वाढतात. समोर सायकलवरचा मुलगा २० मीटरवर असेल तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

वेग दुप्पट केला तर हे अंतर पुन्हा चौपट होते, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हे सूत्र तुम्ही पाठ केलेले आहेच.

उतारावर आणखी एक गोष्ट घडते. दहा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर खाली नेणारा उतार घ्या. तिथे ६ टनांची ट्रॉली ट्रॅक्टरला मागून सुमारे ६०० किलो वजनाएवढ्या जोराने ढकलते. दोन्ही गाड्या सरळ रेषेत असतील तर ट्रॅक्टर नुसता पुढे रेटला जातो. वळणावर असतील तर ट्रॉलीचा रेटा ट्रॅक्टरचा मागचा भाग बाजूला फेकतो, आणि दोन्ही गाड्या घडीच्या चाकूसारख्या मिटतात. ट्रॅक्टर उलटण्याचे हे एक मोठे कारण आहे.

यावरून पाठाचा पहिला नियम निघतो : ओढणाऱ्याचा ब्रेक मागच्या ओझ्याला पुरत नाही. ज्या चाकांवर ओझे आहे, त्या चाकांना स्वतःचा ब्रेक हवा.

आर्माघची सहल

दुसरा नियम जगाला फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधल्या आर्माघ गावाहून रविवारच्या शाळेतल्या मुलांची सहल आगगाडीने निघाली. गाडी भरगच्च होती. चढावर इंजिनाची ताकद अपुरी पडली आणि गाडी थांबली. तेव्हा तिचे दोन भाग करून आधी पुढचे डबे वर न्यायचे ठरले. गाडीला व्हॅक्यूम ब्रेक होता, पण तो इंजिनाने हवा खेचली तरच लागणारा होता. जोड सोडल्याबरोबर मागच्या डब्यांचा तो ब्रेक गेला. शेवटच्या डब्यातला हातब्रेक आणि चाकांखाली ठेवलेले दगड पुरे पडले नाहीत. डबे उतारावरून मागे धावत सुटले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० जण दगावले. त्यांत मुले पुष्कळ होती.

त्याच वर्षी ब्रिटनमध्ये कायदा झाला की प्रवासी गाड्यांना सर्व डब्यांना लागणारा आणि आपोआप लागणारा ब्रेक असलाच पाहिजे. आपोआप म्हणजे जोड तुटला, नळी फाटली तरी ब्रेक स्वतःहून लागावा. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी हवेच्या दाबाचा असा ब्रेक १८७२ च्या सुमारास तयार केला होता. त्यातली युक्ती उलटी आहे. नळीत दाब असेपर्यंत ब्रेक सुटलेला राहतो आणि दाब गेला की ब्रेक लागतो. ग्वाल्हेर स्थानकावर उभ्या गाडीच्या दोन डब्यांच्या मधे रबरी नळ्या जोडलेल्या दिसतात, त्या याच कामाच्या.

म्हणून दुसरा नियम : जोड तुटला तर ब्रेक सुटता कामा नये, तो लागला पाहिजे.

ब्रेकचे प्रकार आणि निवड

मागच्या गाडीला ब्रेक लावण्याच्या चार मुख्य पद्धती आहेत.

पहिली धक्क्याची. पुढची गाडी हळू झाली की मागची तिच्यावर रेटते. हा रेटा जोडाजवळच्या सरकत्या दांड्याला मिळतो, दांडा तार ओढतो आणि चाकांचे ब्रेक लागतात. तिला वीज लागत नाही, नळी लागत नाही. युरोपात साडेतीन टनांपर्यंतच्या ट्रेलरना हा ब्रेक चालतो. ७५० किलोंपेक्षा जड ट्रेलर तिथे बिनब्रेकचा नेता येत नाही. हिचा दोष असा की गाडी मागे घेतानाही रेटा बसतो, म्हणून तेव्हा ब्रेक लागू न देणारी सोय ठेवावी लागते. शिवाय जोड तुटला तर रेटाच उरत नाही. त्यासाठी हातब्रेकला वेगळी तार बांधलेली असते. गाडी सुटली की ती तार ओढली जाऊन हातब्रेक लागतो.

दुसरी तेलाच्या दाबाची. ट्रॅक्टरचा ब्रेक दाबला की नळीतून तेलाचा दाब ट्रॉलीच्या ब्रेकपर्यंत जातो. ट्रॅक्टरवर तशी जोडणी हवी आणि नळीची निगा राखायला हवी.

तिसरी हवेच्या दाबाची, ती मोठ्या मालट्रेलरवर असते. मधे दोन नळ्या असतात, एक हवा पुरवणारी आणि दुसरी चालकाच्या पायाचा हुकूम नेणारी. पुरवठ्याची नळी तुटली तर ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. आर्माघचा धडा इथे पाळलेला आहे.

चौथी विजेची. अमेरिकेत आपल्यापैकी कोणाचे काका-मामा असतील, तर त्यांच्या शेजारी सुट्टीत घरासारखा ट्रेलर मोटारीमागे लावून निघालेले त्यांनी पाहिले असतील. त्या ट्रेलरच्या चाकांत विद्युतचुंबक असतो आणि चालकाजवळ एक लहान पेटी असते, तिला ब्रेक कंट्रोलर म्हणतात. पेट्यांचे दोन प्रकार आहेत. एक पेटी पाय ब्रेकवर पडला की ठरलेल्या गतीने वीज वाढवत नेते, मग ब्रेक हळू दाबलेला असो की जोरात. दुसरी गाडीचा वेग किती झपाट्याने कमी होतो ते मोजते आणि त्या प्रमाणात वीज देते. दुसरी महाग, पण थांबणे सुरळीत होते.

ही पेटी लावण्याची रीत सर्वांनी समजून घेण्यासारखी आहे. मोकळ्या, सपाट, कोरड्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाताना पेटीवरच्या हाताच्या दट्ट्याने फक्त ट्रेलरचा ब्रेक लावतात. जोर हळूहळू वाढवत नेतात आणि चाके घासत थांबू लागली की थोडा कमी करतात. ब्रेक दाबल्यावर मागून ओढ बसत असेल तर ट्रेलरचा जोर जास्त आहे. मागून ढकलल्यासारखे वाटत असेल तर कमी आहे. ओझे बदलले की हे पुन्हा करायचे, कारण रिकाम्या ट्रेलरला पुरेसा असलेला जोर भरलेल्याला अपुरा पडतो. जोड तुटला तर ट्रेलरवरची छोटी बॅटरी त्याचे ब्रेक लावते.

यांतला कोणता घ्यावा? आधी भरलेल्या गाडीचे वजन पाहावे, रिकामीचे नव्हे. मग पुढच्या गाडीत काय जोडता येते ते पाहावे. जोड तुटल्यावर तो आपोआप लागतो का, हे विचारावे. आणि शेवटी, तो दुरुस्त करणारा मिस्त्री जवळपास आहे का हेही पाहावे. बंद पडलेला उत्तम ब्रेक काही कामाचा नाही.

वापरताना

चांगला ब्रेकही चुकीने वापरला तर धोका देतो. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या मागच्या चाकासाठी ब्रेकची दोन वेगळी पायडल असतात. शेतात झटकन वळण्यासाठी ती सोय आहे. रस्त्यावर येताच दोन्ही पायडल त्यांच्या कडीने जोडलीच पाहिजेत. वेगात एकच पायडल दाबले गेले तर ट्रॅक्टर एका बाजूला गर्रकन फिरतो.

उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे म्हणजे इंजिनाचा मोफत मिळणारा ब्रेक फेकून देणे. आपल्या किल्ल्याची टेकडी डोळ्यांसमोर आणा. ८ टनांची गाडी १०० मीटर खाली उतरताना जेवढी ऊर्जा सुटते, तेवढ्यात २३ लिटर थंड पाणी उकळीला येईल. ती सगळी उष्णता एकट्या ब्रेकवर टाकली तर ब्रेक तापतात आणि त्यांची पकड जाते.

आग्रा-मुंबई रस्त्याने महाराष्ट्रात जाताना धार जिल्ह्यातला गणपती घाट लागतो. तिथे अवजड गाड्यांचे ब्रेक निकामी होऊन इतके अपघात झाले की तो उतार टाळण्यासाठी नवा रस्ता बांधावा लागला. तो २०२४ मध्ये तयार झाला. त्याच महामार्गावर धुळे जिल्ह्यातल्या पळासनेरजवळ जुलै २०२३ मध्ये ब्रेक निकामी झाल्याचे सांगण्यात आलेला मालट्रक वाहनांना धडका देत हॉटेलात शिरला आणि निदान दहा माणसे गेली.

माल भरण्यालाही महत्त्व आहे. बैलगाडी मागे जड झाली की ती उलाळ होते, हे आपले आजोबा सांगतात. ट्रेलरचेही तसेच. मागे जड झालेला ट्रेलर वेगात शेपटासारखा हलू लागतो. मोटारीमागच्या ट्रेलरसाठी अमेरिकेत एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार जोडावर पडावा असे मानतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. मालाची ट्रॉली माणसांसाठी नाही, आणि कायद्यानेही तिच्यातून माणसे नेता येत नाहीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये कानपूरजवळ घाटमपूरला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कासगंजला भाविकांच्या ट्रॉल्या पाण्यात उलटल्या. दोन्ही वेळा वीसहून अधिक लोक गेले, त्यांत बायका-मुलेच जास्त. या अपघातांचे कारण ब्रेकच होते असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या गाडीला बसायला जागा नाही, धरायला काही नाही आणि पुष्कळदा ब्रेकही नाही, तिच्यात चाळीस माणसे बसवली की कोणतीही छोटी चूक मोठी होते. घरी असा बेत ठरत असेल तर मोठ्यांना नम्रपणे पण स्पष्ट सांगा. आणि सायकलवरून जाताना ट्रॉलीची साखळी धरून ओढून घ्यायची सवय असेल, तर ती आजच सोडा.

करून पाहा

१. एक खेळण्यातली गाडी घ्या. तिच्यामागे दोऱ्याने नव्हे, तर ताठ काडीने, पण काडी वळू शकेल अशा रीतीने, वाळूने भरलेला डबा चाकांवर जोडा. फळीच्या उतारावरून सोडा आणि पुढची गाडी एकदम अडवा. सरळ असताना आणि थोडी तिरपी असताना काय फरक दिसतो, ते लिहून काढा.

२. ताशी २० किलोमीटर वेगासाठी वरचे गणित पुन्हा करा. ब्रेक असलेल्या आणि नसलेल्या ट्रॉलीचे अंतर काढा.

३. घरी किंवा ओळखीच्यांकडे ट्रॉली असेल तर ती उभी असताना, मोठ्यांना सोबत घेऊन, पाच गोष्टी तपासा : जोडाची पिन आणि तिची कडी, सुरक्षेची साखळी, टायर, मागचे लाल रिफ्लेक्टर आणि ब्रेक. थंडीतल्या आपल्या धुक्यात रिफ्लेक्टर नसलेली उभी ट्रॉली मागच्याला दिसतच नाही.

"गरज पडली नाही" म्हणणाऱ्या मुलाने ही तपासणी सर्वांत आधी केली. त्याला ट्रॉलीच्या पिनेत कडीऐवजी वाकवलेला खिळा सापडला. घरच्यांनी तो त्याच दिवशी बदलला. ट्रॉलीला ब्रेक बसवण्याचे काम कापणी झाल्यावर करायचे ठरले आहे. तोवर ट्रॉलीत माल अर्धाच भरायचा, असे त्याच्या आजोबांनी सांगितले आहे. तुम्हाला काय सापडले, ते पुढच्या अंकासाठी आम्हाला लिहून द्या.