आडनावावरून मूळ गाव सापडतं का?

प्रश्न : आमचं घर चार पिढ्या बारामतीत आहे. आडनावाच्या शेवटी 'कर' आहे, पण त्या नावाचं गाव ना बारामती तालुक्यात, ना इंदापुरात. आजी म्हणायची, आपण कोकणातून आलो. आडनावावरून मूळ गाव सापडेल का?

उत्तर : सापडेल, पण नुसत्या आडनावाच्या भरवशावर निघालात तर वाटेतच अडकाल. 'कर' लागलेलं आडनाव बहुधा सोडून आलेल्या गावाचं असतं. गावात असेपर्यंत त्या गावचं नाव कुणी लावत नाही. परमुलखात गेल्यावर ते चिकटतं. पेशवाईतले सावकार बाबूजी नाइक यांचं आडनाव जोशी, पण पुण्याच्या दरबारी ते बारामतीकर.

मात्र सोडलेलं गाव एकच असतं असं नाही. तुमच्याच गावचे कवी मोरोपंत पाहा. बाबूजी नाइकांच्या आश्रयाने त्यांनी बारामतीत आयुष्य काढलं आणि 1794 मध्ये तिथेच देह ठेवला. जन्म 1729 चा, पन्हाळगडावरचा. घराणं राजापूर तालुक्यातल्या सौंदळचं. आणि आडनाव पराडकर! स्थलांतर टप्प्याटप्प्याने होतं आणि आडनाव त्यातला एखादाच टप्पा सांगतं.

कधी आडनावच बदलतं. महात्मा फुल्यांचं घराणं मूळचं खटाव तालुक्यातल्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. तिथून ते पुरंदरमधल्या खानवडीला आले, पुढे पुण्यात फुलांच्या धंद्यावरून फुले झाले. कटगुणचे जुने कागद पाहायचे तर गोऱ्हे हेच नाव धरावं लागेल. याउलट वालचंदनगर ज्यांच्या नावाने वसलं, त्या वालचंद हिराचंद दोशींचं घराणं काठेवाडातल्या वांकानेरहून सोलापुरात आलं, तरी आडनाव तसंच राहिलं. पण दोशी आडनावाची घरं पुष्कळ. आडनाव एक म्हणजे भावकी एक, हा समज मनातून काढून टाका. त्याने भलत्याच वंशावळीत शिरायला होतं.

ही अडचण आपलीच नाही. नॉर्वेत 1923 च्या कायद्याने कायम आडनाव सक्तीचं झालं. त्याआधी खेड्यापाड्यांत राहत्या शेताचं नाव लावत. शेत बदललं की नावही बदले. अमेरिकेत गेलेल्यांचे वंशज म्हणूनच आडनावाआधी गाव आणि तिथल्या चर्चच्या नोंदवह्या शोधतात.

तुम्हीही तसंच करा. सुरुवात स्वतःपासून करून एकेक पिढी मागे जा. शाळेचं दाखलखारीज रजिस्टर, जमिनीचे फेरफार, तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातली गाव नमुना 14 ची जन्ममृत्यूची नोंद, एवढं आधी पाहा. जुने कागद मोडीत असतील. वाचणारा जाणकार सोबत असू द्या. कागद संपतील तिथे कुलदैवत कामी येतं. घर उठून दूर गेलं तरी कुलदैवत सहसा बदलत नाही. तुमचं कुलदैवत कोकणातलं निघालं, तर आजीच्या सांगण्याला मोठा आधार मिळेल आणि कुठल्या भागात शोधायचं तेही कळेल.

मग नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडे जा. यात्रेला आलेल्या यजमानांची नावं, गावं, भाऊ, मुलं त्यांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली असतात. जाताना पणजोबांचं, त्यांच्या वडिलांचं आणि भावांचं नाव लिहून न्या. उपाध्ये आधी गाव विचारतील. बारामती तर सांगाच, पण आजीच्या तोंडी कोकणातल्या एखाद्या गावाचं नाव आलं असेल तर तेही सांगा. जुनी नोंद त्या गावाखाली असू शकते.