दंडावर सेन्सर लावण्याआधी

साखर मोजायला दंडावर सेन्सर लावायचं म्हणतोस, तर आत्याचं ऐक आणि आधी आपली औषधाची चिठ्ठी काढून बघ. तू नुसत्या मेटफॉर्मिनवर आहेस. एवढ्या गोळीने साखर सहसा धोक्याइतकी उतरत नाही. त्यामुळे बारा महिने ते यंत्र अंगावर बाळगायची तुला गरज नाही. एक सेन्सर दहा-पंधरा दिवस चालतो, म्हणजे महिन्याला दोन-तीन. त्याची किंमत केमिस्टकडे विचारून बघ.

पण एकदा मात्र जरूर लाव. तोही दिवाळीत नको, आणि नव्या निश्चयाने गोड सोडलंयस त्या पंधरवड्यातही नको. रोजचे साधे दिवस घे. ऑफिसचा चहा, गुरुवारचा उपवास, रविवारचं मटण-भात, सगळं येऊ दे. काय खाल्लं, किती वाजता, नंतर चाललास की आडवा झालास, ते वहीत लिही. वही नसेल तर सेन्सरच्या आलेखाचा काही उपयोग नाही. मला त्यातूनच कळलं की साबुदाण्याच्या खिचडीने माझी साखर जेवढी चढते, तेवढी पुरणपोळीनेही चढत नाही. तीन महिन्यांच्या सरासरीच्या तपासणीत हे कधी दिसलं नव्हतं. आता उपवासाला मी दाण्याची आमटी आणि थोडी भगर घेते, आणि जेवल्यावर अंगणात फेऱ्या मारते.

जेवणानंतर आकडा वर जाणारच, निरोगी माणसाचाही जातो. बहुतेकांचा आकडा दिवसातला सत्तर टक्के वेळ 70 ते 180 च्या मध्ये राहिला की चांगलं समजतात. वयस्कर माणसांना डॉक्टर याहून सैल मर्यादा देतात. आकडा बघून गोळी स्वतःच कमी-जास्त करायची नाही.

सेन्सरची बारीक तार रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखालच्या पेशींभोवतालच्या द्रवातली मोजते. म्हणून साखर झपाट्याने चढत-उतरत असेल तेव्हा आकडा काही मिनिटं मागे असतो. पहिल्या दिवशीचे आकडेही फारसे मनावर घेऊ नकोस. तो दंड अंगाखाली दाबून झोपलास तर साखर खोटीच कमी दिसते, तेव्हा ज्या कुशीवर झोपत नाहीस त्या बाजूला लाव. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्यांनी काही सेन्सर चुकतात, सोबतचा कागद वाच. आणि ग्लुकोमीटर माळ्यावर टाकू नकोस. अंगाला वाटतंय एक आणि फोनवर सेन्सर दाखवतोय दुसरं, असं झालं की बोट टोचून बघायचं.

न टोचता साखर सांगणारं घड्याळ किंवा अंगठी घेऊ नकोस. फेब्रुवारी 2024 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, एफडीएने, स्पष्ट सांगितलं की अशा एकाही घड्याळाला वा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही. सेन्सरचा आकडा नुसता दाखवणारं घड्याळ वेगळं. न टोचता दाखवलेल्या खोट्या आकड्यांवर कुणी इन्सुलिनचा डोस ठरवला तर जिवावर बेतेल.

सेन्सर विकत घेण्याआधी डॉक्टरांना एकच विचार: अहवाल आणला तर बघाल ना? ते नको म्हणाले तर पैसे खर्चू नकोस.

खरं सांगू? तुझ्याआधी हा विचार वहिनीसाठी कर. ती इन्सुलिनवर आहे, आणि साखर उतरली तरी पूर्वीसारखा घाम, थरथर तिला जाणवत नाही. रात्री वाजणारा सेन्सर अशा माणसासाठी असतो. तिच्या फोनचा इशारा तुझ्याही फोनवर येईल असं लावून घे, आणि रात्री तो आवाज बंद करू नकोस. तिच्या उशाशी साखरेचा डबा ठेव. आकडा 70 च्या खाली गेला आणि ती शुद्धीत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायला दे, पंधरा मिनिटांनी बोट टोचून पुन्हा बघ, आणि अजून कमीच असेल तर परत तेवढीच दे. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि थेट रुग्णवाहिका बोलवायची.