शाळेचा आठवडा

अकोला जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुडा पर्वत आडवा पसरला आहे. त्याच्या पायथ्याशी, तेल्हारा तालुक्यात, हिवरखेड हे मोठे गाव वसले आहे. गावाभोवतीची जमीन काळी व कसदार आहे. उत्तरेकडे पाहिले की पर्वताची निळी रांग दिसते आणि दक्षिणेकडे पूर्णा नदीच्या दिशेने सपाट मुलूख उतरत जातो. अशा या गावातील प्राथमिक शाळेचा चौथीचा एक वर्ग आपण डोळ्यांपुढे आणू. दिवाळीची सुटी नुकतीच संपली आहे. वावरात पऱ्हाटीची बोंडे फुटली आहेत, 'सीतादही' होऊन वेचणीला प्रारंभ झाला आहे आणि शाळेचा नवा आठवडा उगवला आहे.

आठवडा सात दिवसांचा. मग त्याच्या नावात आठ कोठून आले, असा प्रश्न मुलांना नेहमी पडतो. आठवडी बाजाराचा हिशेब करून पाहा. या बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत दोन्ही बाजारांचे दिवस धरून मोजले, तर आठ भरतात! जुन्या पाठशाळांना मात्र रविवार ठाऊक नव्हता. तेथे प्रतिपदा, अष्टमी, अमावास्या, पौर्णिमा अशा तिथींना अनध्याय असे. म्हणजे सुटी चंद्राकडे पाहून मिळत असे. इंग्रजी अंमलात रविवारची सुटी रूढ झाली आणि शाळेचा व्यवहार वारांवर चालू लागला. तथापि खेड्यातील मुलांचा आठवडा अद्यापि केवळ वारांवर चालत नाही. तो पिकांवरही चालतो, हे या वर्गाच्या फळ्यावरून लगेच ध्यानात येते.

सोमवारी प्रार्थना, प्रतिज्ञा व परिपाठ आटोपला की वर्गनायक फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात दोन आकडे लिहितो : पटावर 32, हजर 24. आठ मुले कोठे गेली, हे कोणास विचारावे लागत नाही. काही आईबापांबरोबर वावरात गेली आहेत. काही घरी राहून धाकट्या भावंडांस सांभाळत आहेत. चौदा वर्षांखालील मुलांस कामावर ठेवण्यास कायद्याने बंदी आहे. परंतु धाकट्या भावास कडेवर घेऊन धुऱ्यावर बसणे, हे कोणाच्या लेखी काम ठरत नाही. त्याची मजुरी नाही आणि त्याची नोंदही नाही.

मंगळवारी बाईंनी भागाकार शिकवायला घेतला. भागाकार हा विषय मोठा मानी आहे. गुणाकाराचे पाढे पक्के असल्यावाचून तो जवळ येऊ देत नाही, आणि आज चुकलेली पायरी उद्या आपोआप सापडत नाही. त्या दिवशी न आलेली एक मुलगी बुधवारी आली, तेव्हा फळ्यावरची उदाहरणे तिला परक्या गावच्या रस्त्यांसारखी वाटली. ती काही बोलली नाही. मागच्या रांगेत बसून तिने उदाहरणे नीट उतरवून घेतली. उत्तरे मात्र शेजारणीची लिहिली.

बाईंच्या ते दृष्टीस पडले. मधल्या सुटीत त्यांनी एक हिशेब केला. शिक्षणाच्या हक्काचा कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. त्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांस वर्षातून किमान 200 दिवस व 800 तास शिक्षण मिळाले पाहिजे. म्हणजे दिवसाचे 4 तास झाले. वेचणीचा मुख्य हंगाम आठ आठवड्यांचा धरला आणि त्यात आठवड्यातून दोन दिवस एखादी मुलगी घरी राहिली, तर 16 दिवस गेले, 64 तास गेले. एवढ्या तासांत भागाकारच काय, अपूर्णांकांचीही ओळख होऊन जाते.

बुधवारी दुपारी वर्ग मैदानावर भरला. मुलांनी उत्तर दिशेस मातीचा लांबट ढीग रचला. तो सातपुडा झाला. दक्षिणेस एक उथळ चर खणला. ती पूर्णा झाली. मग ढिगाच्या माथ्यावर तांब्याने पाणी ओतताच ते वाट काढीत चराकडे निघाले. 'ही वान नदी!' असे एकजण ओरडला, आणि ते खरेच होते. वान नदी सातपुड्यातून निघून दक्षिणेकडे वाहते व पूर्णेस मिळते; पूर्णा पश्चिमेकडे जाऊन तापीस मिळते. वारी येथे वानेवर हनुमान सागर हे धरण बांधले आहे, म्हणून मुलांनी ढिगाच्या पायथ्याशी एक खापरी उभी करून पाणी अडविले. पूर्णेच्या दोन्ही काठांस अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. तेथील विहिरींचे पाणी खारट असते. म्हणून त्या पट्ट्यात डोंगरातून आलेल्या गोड्या पाण्याचे मोल फार, हे बाईंनी चराच्या काठावर मीठ भुरभुरवून दाखविले. मीठ कोणी आणले व घरी सांगून आणले की न सांगता, याची चौकशी झाली नाही.

गुरुवारी वर्गात तराजू आला. वजनमापे हा पाठ होता आणि वजन करावयास कापूस होता. बाईंनी विचारले, "वेचलेला कापूस वावरात कसा मोजतात, कोण सांगेल?"

मागच्या रांगेतील ती मुलगी उठली. ती प्रथम हळू बोलली. पुढे तिचा आवाज चढत गेला. वेचणाऱ्या बाया कमरेला ओटी बांधतात. ओटी भरली की कापूस गाठोड्यात रिता करतात. सायंकाळी धुऱ्यावर काटा लागतो आणि किलोप्रमाणे मजुरी मिळते. "आणि बाई, सकाळचा कापूस जड भरते, दुपारचा हलका," ती म्हणाली.

"असे का बरे?"

"सकाळी त्याच्यावर दव राहते."

वर्गाला हे पटेना. म्हणून लगोलग प्रयोग झाला. थोडा कापूस पाण्याचा शिपका देऊन तोलला, उन्हात पसरला व तासाभराने पुन्हा तोलला. पारडे वर गेले! नंतर मुलांनी 300 ग्रॅम कोरडा कापूस घेऊन हातांनी सरकी काढण्यास आरंभ केला. बत्तिसांपैकी हजर असलेले सारे हात लागले, तरी एक तास पुरला नाही. अखेर रुई व सरकी निरनिराळी तोलली, तेव्हा रुई सुमारे 100 ग्रॅम भरली आणि बाकी सरकी. कापसाच्या वजनाचा जवळजवळ एक तृतीयांश भागच रुईचा असतो. सरकीचे तेल निघते आणि तिची पेंड गुरांना घालतात. मग बाईंनी विचारले, "तीनशे भागिले तीन किती?" त्या मुलीने खडू हाती घेतला. एका पायरीवर ती अडली, पारड्याकडे पाहिले आणि पुढे गेली.

हाताच्या उद्योगातून विद्या शिकवावी, हा विचार विदर्भाला नवा नाही. 1937 च्या ऑक्टोबरात वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तीत नेमलेल्या डॉ. झाकीर हुसेन समितीने शाळेसाठी वर्षाचे 288 दिवस व दिवसाचे साडेपाच तास ठरविले. त्यांपैकी 3 तास 20 मिनिटे सूतकताईसारख्या मूलोद्योगास, मातृभाषेस 40 मिनिटे आणि संगीत, चित्रकला व गणित यांस मिळून 40 मिनिटे होती. उद्योगास एवढा वेळ दिल्याने मुलांची पुस्तकी विद्या मागे पडेल, असा आक्षेप त्या काळीही घेतला गेला. तो अगदीच निराधार होता असे वाटत नाही. परंतु त्या गुरुवारी एका तराजूने जे शिकविले, ते चार दिवसांच्या फळ्याने शिकविले नव्हते, हेही खरे.

शुक्रवार भाषेचा. वर्गाने वऱ्हाडी शब्दांची एक वही चालविली आहे. डावीकडे घरचा शब्द, उजवीकडे पुस्तकातला : वावर, शेत, धुरा, बांध, पऱ्हाटी, कापसाचे झाड. घरचा शब्द चुकीचा म्हणून खोडावयाचा नाही, असा नियम आहे. याच दिवशी मुले घरच्या वृद्धांस विचारून आणलेली माहिती वाचून दाखवितात. हिवरखेडच्या स्थानकावरून अकोला-खंडवा ही मीटरमापी आगगाडी जात असे. 2017 च्या आरंभी ती रुंदीकरणासाठी बंद झाली, त्यामुळे या मुलांनी ती पाहिलेली नाही. धूळघाटापाशी रूळ वळसा घेऊन आपल्याच मार्गावरून जात, हे आजोबांचे सांगणे एका मुलाने चित्र काढून आणले, तेव्हाच ते इतरांना पटले.

शनिवारी शाळा सकाळची. दप्तरे घरी असतात. कवायत, गाणी व साफसफाई झाल्यावर बालसभा भरते. त्या सभेत अध्यक्षस्थानी बसलेल्या मुलाने विचारले, "कोणाचे काही म्हणणे?" तेव्हा ती मुलगी उभी राहिली. तिचा भाऊ दीड वर्षाचा आहे. अंगणवाडीच्या बालवर्गात तीन वर्षांपासून पुढची मुले बसतात. आई वेचणीस जाते तेव्हा त्याला कोणी नाही. "मी त्याला घेऊन येऊ काय?"

सभेत गलबला झाला. तो रडेल, पुस्तके फाडील, श्रुतलेखनाच्या वेळी बोलेल, असे एक पक्ष म्हणू लागला. दुसरा पक्ष म्हणाला, "आपणही बोलतोच!" बाईंनी मध्ये पडून एक हकीकत सांगितली. ताराबाई मोडक यांचे वास्तव्य विवाहानंतर काही काळ अमरावतीस होते. पुढे त्यांनी 1945 साली समुद्रकाठच्या बोर्डी गावी बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि 1957 साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. तेथील आदिवासी मुलांच्या कडेवर भावंडे असत, म्हणून ती शाळेत येत नसत. तेव्हा या दोघींनी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला विकासवाडी हे नाव दिले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणात नेली.

"आपल्याकडे पाळणाघर नाही," बाई म्हणाल्या, "एक सतरंजी मात्र आहे. मुख्याध्यापकांना मी विचारीन. पण आधी तुमचा विचार सांगा."

मते घेतली. ठरावाच्या बाजूने 19, विरुद्ध 6. विरुद्ध पक्षाच्या पुढाऱ्याने एक अट घातली, की भागाकाराच्या तासाला पोर रडू लागले तर पाळीपाळीने सर्वांनी त्याला बाहेर न्यावे, तिने एकटीने नव्हे. ही अट एकमताने मंजूर झाली आणि पाळ्यांचा तक्ता करून भिंतीवर लावण्यात आला. त्यात पहिले नाव त्या पुढाऱ्याचेच पडले.

सोमवारी वर्गनायकाने फळ्यावर लिहिले : पटावर 32, हजर 27. मग जरा थांबून त्याने खाली लहान अक्षरांत आणखी एक ओळ घातली : सतरंजीवर 1. बाईंनी ती पुसली नाही. त्यांनी मंगळवारचा भागाकार पुन्हा पहिल्या पायरीपासून शिकवायला घेतला.