संधिगत वातात क्रीडात्याग आणि पर्यायी छंदाची योजना

संधिगत वाताच्या रुग्णास औषध, अभ्यंग, बस्ती यांविषयी आपण सविस्तर सांगतो. पथ्यापथ्याची छापील यादीही हाती देतो. परंतु जो रुग्ण वीस-तीस वर्षे एखादा मैदानी खेळ नित्य खेळत आला आहे, त्याच्या बाबतीत आपला सल्ला बहुधा तीन शब्दांत आटोपतो : ‘खेळणे बंद करा.’ हे तीन शब्द अपुरे आहेत आणि काही रुग्णांत अपायकारकही ठरतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हे मत स्वतःच्या चुकीतून बनले. पस्तीस वर्षे बॅडमिंटन खेळलेले ५८ वर्षांचे एक गृहस्थ उजव्या जानुसंधीच्या शूलासाठी आले होते. क्ष-किरण चित्रात संधीतील अंतर कमी झालेले स्पष्ट दिसत होते. मी त्याच दिवशी खेळ थांबविला. योगराज गुग्गुळ, अभ्यंग, जानुबस्ती असा उपक्रम दिला. महिनाभरात शूल उणावला. सहा महिन्यांनी ते पुन्हा आले तेव्हा वजन सात किलोंनी वाढलेले, मांडीचे स्नायू शिथिल, निद्रा खंडित, आणि शूल पहिल्याहून अधिक. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “साडेपाच वाजले की हे गॅलरीत जाऊन उभे राहतात. कोणाशी बोलत नाहीत.” औषधयोजनेत दोष नव्हता. खेळाच्या जागी काय करावे, हे मात्र मी सांगितलेच नव्हते.

असे का घडते, याचे उत्तर दोन्ही शास्त्रांत मिळते. संधीतील तरुणास्थीस स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत. त्याचे पोषण संधीतील द्रवातून होते आणि तो द्रव हालचालीनेच आत-बाहेर खेळतो. मांडीचे पुढील स्नायू दुर्बल झाले की गुडघ्याचा आधार जातो. वजनाचा हिशेबही ध्यानात ठेवावा : एक किलो वजन घटले तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी घटतो. वजन वाढल्यास हाच हिशेब उलट चालतो. मनाच्या बाजूने पाहता, चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २५व्या अध्यायातील अग्र्यसंग्रहात रोग वाढविणाऱ्या भावांमध्ये विषादास अग्रस्थान दिले आहे. ते वचन आपण परीक्षेसाठी पाठ केले. रुग्णपत्रकावर त्याचा उपयोग किती जण करतात, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःस विचारावा.

याच सूत्रस्थानाच्या ७व्या अध्यायात पादांशिक क्रम आला आहे. सवयीचे अहितकर एकदम न सोडता चतुर्थांशाने सोडावे आणि हितकर त्याच प्रमाणात स्वीकारीत जावे, मध्ये अंतर ठेवावे, असा त्याचा आशय आहे. वाग्भटांनीही ऋतुचर्येच्या अखेरीस सहसा त्यागाने असात्म्यज विकार होतात, असे बजावले आहे. हा क्रम आपण चहा, तंबाखू, दिवास्वाप यांस लावतो. ओकसात्म्य झालेल्या खेळासही तो लावावा, असे माझे म्हणणे आहे. खेळ मुळात अहितकर नव्हता. संधीची अवस्था पालटल्यामुळे तो तसा झाला आहे, आणि म्हणूनच रुग्णास तो सोडणे अधिक जड जाते.

प्रथम व्याधीची अवस्था निश्चित करावी. संधिगत वातात सकाळची जखडण बहुधा अर्ध्या तासाच्या आत सुटते. तासाहून अधिक राहिल्यास, विशेषतः हातांच्या लहान सांध्यांत शोथ असल्यास, आमवात व र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस यांचा विचार करून तपासण्या कराव्यात. साम अवस्थेत शोथाचा जोर असताना विश्रांतीच योग्य. छंदाची बोलणी शोथ उतरल्यावर करावीत. एकच सांधा अकस्मात लाल, उष्ण होऊन ज्वर आल्यास त्या रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

त्यानंतरचा प्रश्न कोणता सांधा दुष्ट आहे, हा. गुडघा दुष्ट असलेल्यास बागकाम सुचविताना उकिडवे बसणे टळेल असे पाहावे, कुंड्या कमरेइतक्या उंचीच्या कट्ट्यावर ठेवण्यास सांगावे. कमरेइतक्या पाण्यात शरीराचा भार जवळजवळ निम्मा होतो, म्हणून पाण्यातील चालणे उत्तम. पोहताना मात्र बेडकाप्रमाणे पाय फेकण्याने गुडघा दुखावतो, आणि ज्यांना गारठा सोसत नाही त्यांना पहाटेचा थंड तलाव नको. कॅरम जमिनीवर मांडी घालून न खेळता टेबलावर खेळावा. अंगठ्याच्या मुळाशी विकृती असेल तर कॅरम, तबला, विणकाम ही सर्वच अडचणीची. अशांना बुद्धिबळ चालते. अक्षराची आवड असल्यास मोडी लिपीचे वाचन हा मला विशेष आवडणारा पर्याय आहे. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या १९१० पासूनच्या संस्थेत मोडी कागदांचा केवढा तरी संग्रह आहे. लिप्यंतर करणाऱ्या मंडळींना असे काम आयुष्यभर पुरते.

मात्रेसाठी अर्धशक्तीची लक्षणे आपणांस ठाऊक आहेत : कपाळ, नाक, काख येथे घाम येणे आणि श्वास तोंडावाटे होऊ लागणे. संधिरोग्यास एवढ्यावर थांबता येत नाही, कारण त्याचा सांधा श्वासाच्या आधी थकतो. कृतीनंतर वाढलेला शूल दोन तासांहून अधिक टिकला तर पुढील वेळी मात्रा कमी करावी. हे गमक रुग्णास सहज समजते.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र सांध्याविषयी नाही. ‘या खेळात आपणांस नेमके काय आवडते?’ असे विचारावे. कोणास चुरस हवी असते, कोणास मोकळी हवा, कोणास घराबाहेरचा एक तास. चुरस हवी असणाऱ्यास एकट्याने करावयाचे चित्रकाम देऊन उपयोग नाही.

पूर्वोक्त गृहस्थांना मी हा प्रश्न सहा महिने उशिरा विचारला. ते म्हणाले, “चौघे मित्र आणि नंतरचा चहा.” मग आम्ही उलट दिशेने आरंभ केला. आठवड्यातून चार दिवसांपैकी एकच दिवस, तोही केवळ दुहेरी सामना आणि उडी मारून फटका नाही, असा खेळ परत दिला. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम रोज. एक दिवस मुलांच्या सामन्यांत पंच म्हणून बसण्याचे सुचविले, पण पंचाच्या उंच खुर्चीच्या पायऱ्या गुडघ्यास मानवेनात. त्यांनी गुणलेखनाचे काम घेतले. उरलेल्या दोन सायंकाळी तळ्याकाठच्या सपाट वाटेने दुर्बीण घेऊन पक्षीनिरीक्षण सुरू झाले. मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ त्यांनी स्वतःहून मिळविला. वर्षभरात वाढलेल्या सातपैकी पाच किलो उतरले, निद्रा सुधारली. क्ष-किरण चित्र होते तसेच आहे. जिना उतरताना अद्याप कठड्याचा आधार लागतो. एकदिवसीय खेळ त्यांनी आठव्या महिन्यात आपण होऊन सोडला. चौघांपैकी दोघे मित्र आता त्यांच्याबरोबर तळ्यावर जातात. चहाला मात्र चौघेही असतात, पूर्वीच्याच ठिकाणी, सात वाजता.