सायकलीचे दाते

एखादे यंत्र समजून घेणे आणि ते स्वच्छ भाषेत दुसऱ्याला समजावून देणे, हाही भाषाभ्यासाचा भाग आहे. या पाठात सायकल या अतिपरिचित यंत्राच्या एका अंगाचा विचार केला आहे. पाठ वाचताना जवळपास सायकल असेल तर ती दुहेरी स्टँडवर उभी करून ठेवावी. निम्मा पाठ डोळ्यांनीच कळेल.

सायकल घ्यायला दुकानात गेलेला माणूस बहुधा प्रथम विचारतो, "गिअर किती आहेत?" ज्याला रोज शाळेत, कारखान्यात किंवा बाजारात जायचे आहे, त्याने खरे तर वेगळा प्रश्न विचारायला हवा. आपल्या वाटेवरचा सर्वांत अवघड चढ, भरल्या ओझ्यानिशी, खोगिरावर बसूनच चढता येईल का? या प्रश्नाचे उत्तर गिअरच्या संख्येत नसून दात्यांच्या संख्येत असते.

दात्यांचे गणित

आपल्याकडील साध्या काळ्या सायकलीचे उदाहरण घेऊ. तिच्या पुढच्या दातेचक्राला ४४ आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते आहेत असे धरा. ४४ला १८ने भागले की सुमारे २.४४ येतात, म्हणजे पायडल एकदा फिरले की मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. अठ्ठावीस इंची चाकाचा परीघ सुमारे २.२३ मीटर असतो. म्हणून पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण ५.४५ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे, हा संथ व न थकवणारा वेग, ठेवला तर तासाला १९ ते २० किलोमीटर अंतर कापले जाते. सपाट रस्त्यावर एकट्या माणसाला यापेक्षा अधिक काय हवे?

आता कॅरिअरला दुधाच्या दोन किटल्या अडकवा. स्वार, सायकल आणि दूध मिळून १२० किलो झाले, आणि समोर शंभर मीटरला चार मीटर चढणारा रस्ता आला. पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला हे १२० किलो सुमारे २२ सेंटिमीटर वर उचलावे लागतात. मागे २२ दात्यांचे फ्रीव्हील बसवले तर तेवढेच वजन एका फेऱ्यात सुमारे १८ सेंटिमीटरच उचलावे लागते. एकूण श्रम तेवढेच राहतात, पण ते अधिक फेऱ्यांत वाटले जातात आणि गुडघ्यांवरचा ताण हलका होतो. याची किंमत एवढीच, की सपाटीवर त्याच लयीत वेग तासाला सोळा किलोमीटरवर येतो. दूधवाल्याच्या दृष्टीने हा सौदा फायद्याचा आहे. चढावर उतरून सायकल ढकलण्यात याहून जास्त वेळ जातो. फ्रीव्हील बदलण्याचे काम कोणताही मिस्त्री करतो. फार तर साखळीत एखादी कडी वाढवावी लागते.

बिहारमध्ये नववीतील मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकल देण्याची योजना २००६ साली सुरू झाली. गंगेच्या सपाट खोऱ्यात अशा मुलीला एकच गिअर पुरतो. सह्याद्रीच्या कुशीतील गावात राहणाऱ्या मुलीला मात्र तीच सायकल, दाते न बदलता दिली, तर अर्धी वाट हातात धरूनच न्यावी लागेल. सायकल चांगली की वाईट हे रस्ता ठरवतो.

एकवीस गिअरांचा हिशेब

पुढे तीन आणि मागे सात चक्रे असली की जाहिरातीत 'एकवीस गिअर' लिहिले जाते. गुणाकार बरोबर आहे, अर्थ मात्र फसवा आहे. पुढे २८, ३८, ४८ आणि मागे १४ ते २८ दाते असलेल्या सायकलीवर २८ला १४ने भागा, मग ४८ला २४ने भागा. दोन्ही उत्तरे २ येतात! अशा जोड्या अनेक असतात, शिवाय काहींत साखळी इतकी तिरकी चालते की त्या वापरूच नयेत. अवघड डोंगराळ मुलुखात या सायकलीचा उपयोग होतो, हे नाकारता येणार नाही. परंतु साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा डिरेलर नाजूक असतो. सायकल आडवी पडली की तो वाकतो, चिखलाने अडतो, आणि त्याची तार सैल झाली की साखळी नको तिथे उडी मारते.

साखळीचे आयुष्य

एक गिअरच्या सायकलीत साखळी सरळ रेषेत धावते. ती जाडही असते आणि तिच्यावर संपूर्ण झाकण बसवता येते. पावसाळ्यात या झाकणाचे मोल कळते, कारण साखळीला खरा शत्रू गंज आणि तेलात मिसळलेली वाळू हाच आहे. तेल घालताना साखळी आधी फडक्याने पुसावी, नाहीतर वाळूचीच चटणी होते.

साखळी 'लांबते' असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात लोखंड ताणले जात नाही, कड्यांमधील पिना झिजतात. नव्या साखळीत लगतच्या दोन पिनांमधील अंतर अर्धा इंच असते, म्हणून अशी २४ अंतरे सुमारे ३०५ मिलिमीटर भरतात. ती ३०८ भरू लागली की साखळी बदलावी. पैसे वाचवायला तीच चालवली तर दाते टोकदार, आकड्यासारखे होतात आणि मग चक्रेही बदलावी लागतात.

मधला मार्ग

चढउतार असलेल्या शहरात तीन गिअरचा हब हा एक जुना उपाय आहे. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे स्टर्मी-आर्चर कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी तो बाजारात आणला. यात लहान दातेचक्रे मागच्या हबच्या पोटात बंद असतात. साखळी जागची हलत नाही. कंपनीच्या प्रसिद्ध रचनेत खालचा गिअर मधल्याच्या तीन चतुर्थांश, तर वरचा त्याच्या एक तृतीयांशाने जास्त असतो. एवढ्या तीन पायऱ्या रोजच्या प्रवासाला भरपूर होतात. अडचण एकच आहे : आतले काही बिघडले तर नाक्यावरच्या मिस्त्रीकडे सुटा भाग मिळत नाही. म्हणून घेण्याआधी त्याच्याशी बोलून घ्यावे. जी सायकल गावात दुरुस्त होत नाही, ती रोजच्या कामाची नव्हे.

कृती

घरच्या किंवा शेजारच्या सायकलीचे पुढचे व मागचे दाते खडूने खूण करून मोजा. चाकाचा परीघ दोरीने मापा. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते हे आधी आकडेमोडीने काढा, मग जमिनीवर मोजून पाहा. त्या सायकलीच्या मालकाची रोजची वाट आणि ओझे विचारून घ्या, आणि तिला कोणते फ्रीव्हील योग्य ठरेल ते कारणांसह दहा ओळींत लिहा.