परक्या निवडणुकीची शिकवणी

अमेरिकेचा अध्यक्ष थेट जनतेच्या मतांनी ठरत नाही, हे मला वर्गात प्रथम कळले. निर्वाचक ५३८, बहुमताला २७०. २००० साली देशभरात अल गोर यांना मते अधिक पडली. पण फ्लोरिडात ते ५३७ मतांनी मागे राहिले आणि बुश अध्यक्ष झाले. घरी सांगितले, तर वडील म्हणाले, “मग लोकांनी मत टाकायचं कशाला?”

परदेशी श्रोताही हेच विचारणार. १९८३ साली अमेरिकेच्या सरकारी माहिती संस्थेने उपग्रहावरून ‘वर्ल्डनेट’ सुरू केले : जाणकार वॉशिंग्टनमध्ये, प्रश्नकर्ते परदेशातील वकिलातीत. निवडणूक समजावायला ही रीत मला पटते. पण जाणकाराला स्वतःच्या पद्धतीचे दोषही बोलू द्यावेत. नुसती स्तुती लागली, तर माझे वडील उठून गोठ्यात जातील.